तारखेच्या दिवशीचे बाप

वकिलीत पैसा साचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझी स्कूटी बघावी. साचतात ते किस्से! कोर्टातून घरी आले की काळ्या कोटाबरोबर एखादा तरी घरात येतोच. कोट खुंटीला टांगता येतो. किस्सा जेवताना ताटाशी येऊन बसतो.

परवा आमच्या भिशीत मैत्रिणी मागं लागल्या. "कोर्टातलं काहीतरी सांग गं, जरा हसू." मी म्हटलं, सांगते. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

माझं काम खावटीचं. नवरा-बायको वेगळे झाले की लेकरू बहुतेक आईकडं राहतं. मग त्याच्या खाण्यापिण्याचे, शाळेचे, दवाखान्याचे पैसे बापानं दरमहा द्यायचे. कायद्याच्या भाषेत ती पोटगी. पण परभणी जिल्ह्यात पोटगी म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात. इथं खावटीच. बाररूममध्ये मला पाठीमागं 'खावटीवाल्या बाई' म्हणतात. मला ते ऐकू येतं, आणि मला ऐकू येतं हे त्यांनाही माहीत आहे.

महिन्याचे महिने पैसे खात्यात जमा झाले तर कोणालाच कोर्टात यायचं काम नसतं. थकले की बाई माझ्याकडं येते, आम्ही 'पैसे आले नाहीत' असा अर्ज देतो, न्यायाधीश साहेब तारीख लावतात आणि बापाला बोलावून घेतात.

आता आमच्या आवारातला लिंब सांगते, कारण सगळं तिथंच घडतं. मोठा जुना कडुलिंब, त्याला गोल पार बांधलेला. तारखेला बाप पैसे घेऊन येतो आणि आई लेकराला घेऊन येते, कारण घरी ठेवणार कोणाकडं? पैसे दिले, सह्या झाल्या की आई पाराच्या एका अंगाला जाऊन पाठ करून बसते. दुसऱ्या अंगाला लेकरू बापाजवळ बसतं. चहा होईपर्यंत! आईनं कान द्यायचा नाही, बापानं आईची चौकशी करायची नाही, चहा संपला की उठायचं. असा हुकूम कुठल्याही साहेबांनी दिलेला नाही. हा दस्तूर कोणी पाडला ते आमच्या बारमधल्या म्हाताऱ्या वकिलांनाही सांगता येत नाही. पण तो मोडलेला मी पाहिला नाही. आत एकमेकांच्या सात पिढ्या काढणारी माणसं त्या पारावर चहा होईपर्यंत गप बसतात.

*

पाथरीकडचा एक शेतकरी. नाव राहू द्या, माणूस अजून बाजारात भेटतो. खावटी बरीच थकलेली. साहेबांनी दम भरला होता, "पुढच्या तारखेला रिकाम्या हातानं आलात तर याद राखा." तो काही रिकाम्या हातानं आला नाही. शेळी घेऊन आला!

शेळी लिंबाला बांधली आणि आत येऊन हात जोडून म्हणाला, "साहेब, नगद न्हाई. शेळी आणलीय. दूध लेकराला होतंय, इकली तर पैसे येतेत. तेवढी लिहून घ्या."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेवढ्यात त्याची बायको ताडकन उठली.

"साहेब, ही शेळी माझी हाय! माझ्या मायनं दिलेली, परवा आमच्या दावणीवरून गेलेली! ह्या माणसानं माझीच शेळी मला खावटी म्हणून आणलीय!"

कोर्टात हशा पिकला. पट्टेवाल्यानं तोंडाला उपरणं लावलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

सुनावणी उरकून बाहेर आलो तर त्यांचा लहानगा शेळीच्या गळ्यात पडलेला. "राणी, माझी राणी!" करत तिचे कान ओढत होता. शेळीही त्याचा सदरा चाटत होती. बाप जवळ गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "मला वळखलं का रं, बाळा?"

पोरानं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईला हाक मारली, "माय, ह्ये कोण हाय?"

हसू कुठल्या कुठं गेलं. शेळी मायलेकरांबरोबर गेली, आणि पुढच्या तारखेला तो माणूस उसनवारी करून नगद घेऊन आला. पारावर पोराशेजारी बसून पहिलं काय विचारलं असेल? "राणी कशी हाय?" पोराशी बोलायला त्याच्याजवळ तेवढा एकच विषय होता.

*

आता वालूरचा दत्ता. हा माझ्या विरुद्ध पक्षातला, तरी जास्त किस्से त्याचेच.

दत्ता जीप चालवायचा, वालूर ते सेलू. बायको रुक्मिण झरीची, ती माझी पक्षकार. भांडण कशावरून सुरू झालं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. संपलं मात्र झरीत, रुक्मिणच्या माहेरच्या दारात. त्यात रुक्मिणच्या भावाचा हात मोडला आणि दत्ताचे पुढचे दात गेले. तेव्हापासून दत्तानं झरीत पाय ठेवायचा नाही आणि पोरीनं वालूरची शीव बघायची नाही, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं. रुक्मिण भावाच्या घरात राहते, त्याच्या चुलीवर भाकरी थापते. तिला कोण विचारणार?

राहिला आमचा लिंब. तो कोणाच्याच मालकीचा नाही.

त्यांची पोरगी आरती, तिसरीत. तारखेला पारावर गर्दी असते, बसायला जागा मिळत नाही. ही पोरगी आवारात शिरली की आईचा हात सोडून धावत जायची आणि पारावर रुमाल टाकायची, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात तसा. कोणी म्हातारा टेकायला आला की रुमालावर हात ठेवून म्हणायची, "इथं पप्पा हायत!" पप्पांचा अजून पत्ता नसायचा. ते वालूरच्या रस्त्यावर जीपमध्ये माणसं कोंबत असायचे. पण जागा धरलेली!

मी एकदा चिडवलं, "काय गं, ही काय सेलू गाडी आहे, रुमाल टाकायला?"

ती म्हणाली, "गाडी बरी. गाडीत लय येळ बसता येतंय. चहा लगेच संपतोय."

मी फायली उचलून आत गेले.

*

खावटीच्या केसमध्ये प्रत्येक बाप गरीब असतो, हे आधीच सांगून ठेवते. बाहेर मिशीला पीळ, आत आला की मजूर!

असाच एक. गळ्यातली चेन काढून ठेवून, मळका सदरा घालून उभा राहिलेला. "साहेब, दुसऱ्याच्या रानात राबतो. कधी काम मिळतंय, कधी न्हाई." आवाज इतका बारीक काढलेला की टायपिस्टनं दोनदा विचारलं.

त्याची पोरगी आईच्या मांडीवर. बापाला असं खाली मान घालून उभं राहिलेलं तिनं कधी पाहिलं नसावं. तिला काय वाटलं कोण जाणे, उठून पुढं आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझे पप्पा मजूर न्हाईत! पप्पाचं लाल ट्रॅक्टर हाय! दोन ट्रॉल्या हायत! आमच्या गल्लीत सगळ्यात मोठं घर आमचंच हाय!"

साहेब हसू दाबत म्हणाले, "घ्या. साक्षीदार आला!"

खावटी ठरली, चांगली घसघशीत ठरली. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता बाहेर हा माणूस पोरीवर डाफरणार. मी मुद्दाम पाराजवळ रेंगाळले.

पोरगी त्याच्या मांडीला टेकून विचारत होती, "पप्पा, मी बरोबर बोलले का न्हाई? साहेब तुमाला गरीब समजायले होते!"

त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरोबर बोललीस बाई," म्हणाला. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं नाही. त्याचा वकील अजून मला त्याबद्दल नावं ठेवतो.

*

शिकलेल्यांचं सांगितलं नाही तर पक्षपात होईल.

दोघंही शिक्षक. दोघांचे पगार सारखे, म्हणून साहेबांनी पोरीचा खर्च निम्मा-निम्मा वाटून दिला. फी निम्मी, दप्तर निम्मं, दवाखाना निम्मा. कागदावर किती सोपं वाटतं! पण ही माणसं पोरीच्या चपलेवरून भांडायची. वाढदिवसाचा केक आईनं विचारल्याशिवाय मोठा आणला, म्हणून बापानं त्याचे पैसे द्यायचं नाकारलं.

शेवटी चष्म्यावर आलं. पोरीला फळ्यावरचं दिसेना, डॉक्टरांनी चष्मा लिहून दिला. बाप उभा राहून म्हणाला, "साहेब, आमच्या घराण्यात कोणालाच चष्मा नाही. हा नंबर तिकडून आलेला आहे. तिकडच्यांनी भरावे."

आई म्हणाली, "हे वर्गात पोरांना समानतेचा धडा शिकवतात, बरं का साहेब!"

आम्ही दोघं वकील मधे बोलायला गेलो तर दोघांनी आम्हालाच गप्प केलं. शिक्षकांची सवय! एवढ्यात पोरगी उठली. "सर, मला दिसायलंय. मला चष्मा नको. भांडू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तिला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, दिसतं ना? मग घड्याळात किती वाजले ते सांग बरं."

पोरगी समोरच्या भिंतीकडं डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "अकरा."

त्या भिंतीवर एक तसबीर होती. घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.

आई-बाप दोघांनी एकदमच पाकिटं काढली. मग बाहेर गेल्यावर आधी पाकीट कोणी काढलं यावरून भांडले. अशा वेळी मला कोट काढून फेकून द्यावासा वाटतो, पण आत पुढची केस पुकारलेली असते.

*

दत्ताकडं परत येते. दत्ताचं एक कोडं होतं. तो दर वेळी खावटी थकवायचा. रुक्मिण अर्ज द्यायची, तारीख लागायची, साहेब झापायचे, आणि दत्ता तिथल्या तिथं खिशातून सगळे पैसे काढून द्यायचा! रबर लावलेल्या नोटा, एकही कमी नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

एकदा साहेबांचा पारा चढला. "पैसे खिशात घेऊन फिरता आणि भरत नाही? कोर्टाला काय खेळ समजलात? पुन्हा थकवले तर सरळ जेलमध्ये पाठवीन!"

दत्ता खाली बघून म्हणाला, "इसरतंय, साहेब."

"पोटच्या पोरीला विसरता?"

दत्तानं मान आणखी खाली घातली. बाकावरची माणसं कुजबुजली, काय बेशरम बाप आहे. मला स्वतःलाही तेव्हा तसंच वाटलं.

बाहेर पारावर आरती त्याला शाळेतलं काहीतरी सांगत होती, तोंडभर. तो चहा घेत नव्हता, कपाकडं बघत नुसता बसला होता. तिला बिस्किटाचा पुडा आणायला पाठवलं तेव्हा मी त्याच्याजवळ गेले. "दत्ता, मी विरुद्ध बाजूची वकील. पण एक सांगू? पैसे वेळेवर भर आणि पोरीला भेटायचा अर्ज दे. साहेब नाही म्हणणार नाहीत. हे शिव्या खाणं कशाला?"

तो म्हणाला, "मॅडम, अर्ज दिला की तिचा मामा आडवा येणार. मग साहेब पोरीला आत बोलावणार आन् इचारणार, तुला बापाला भेटायचंय का? मामा समोर बसलेला. ती काय सांगल? आन् खरं सांगितलं तर घरी गेल्यावर तिचं काय? नको मॅडम. तिला नका इचारू तसलं. शिव्या मी खातो. मला काय, सवय हाय."

असा माणूस! पैसे असून थकवायचा, कारण थकवले तरच तारीख, आणि तारीख असली तरच चहा. मला भरून आलं. पण विरुद्ध पक्षासमोर वकिलानं रडायचं नसतं, म्हणून मी उगीच फोन कानाला लावला.

पाराच्या पलीकडं रुक्मिण पाठ करून बसली होती. पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं का, ते मला कळलं नाही.

*

अप्पांचं सांगते. त्यांच्याबद्दल बोललं की मला जरा बरं वाटतं.

अप्पांचं एका बाजारपेठेच्या गावात जनरल स्टोअर. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. त्यांचा मुलगा बायको-पोराला सोडून पुण्याला गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता बदललेला. सुनेनं केस केली तर तिच्या बाजूनं कोर्टात येऊन कोण बसलं? सासरा!

साहेबांनी विचारलं, "अप्पा, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं?"

"नातवाच्या," अप्पा म्हणाले आणि बसून घेतलं.

मुलाच्या वाट्याचा खर्च अप्पा भरायचे. नातवाला मात्र त्यांनी एक सांगून ठेवलेलं, हे सगळं तुझे पप्पा पाठवतात. नवं दप्तर आलं, "पप्पानं पुण्याहून धाडलं बरं का!" रंगपेटी आली, "पप्पानंच!" पारावर बसून म्हातारा इतक्या रंगात येऊन सांगायचा की मलाच वाटायला लागलं, पाठवत असेल बुवा.

एके दिवशी अप्पा सुनेबरोबर आत सही करायला गेले आणि तो पोरगा माझ्याजवळ बसला. नवा कंपास दाखवत होता. मी म्हटलं, "अरे वा! पप्पांनी पाठवला?"

त्यानं दाराकडं पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, पिशवीवर अप्पाच्या दुकानाचं नाव असतंय. तुमी अप्पाला सांगू नका. त्याला वाटतंय मला म्हायती न्हाई."

अप्पा बाहेर आले तेव्हा तो धावत गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, पप्पाला थँक्यू सांगा!" अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून असे हसले! म्हातारा त्या दिवशी किती सुखात घरी गेला असेल.

*

मधल्या काळात वालूरचा रस्ता चांगला झाला, ज्यानं त्यानं मोटारसायकल घेतली आणि दत्ताच्या जीपला माणूस मिळेना. दत्तानं जीप विकली आणि एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. पगार बँकेत.

हे रुक्मिणच्या भावाला कळलं. त्याचा हात केव्हाच जुळला होता, मन काही जुळलं नव्हतं. तो रुक्मिणला घेऊन माझ्या ऑफिसात आला. "मॅडम, आता त्याच्या पगारातूनच कापून घ्या. परस्पर हिच्या खात्यावर. ही तारखेची कटकटच नको. हिला झरीवरून सारखं आणायचं, कामाचा रोज बुडवायचा, आन् त्या माणसाचं तोंड बघायचं!"

कायद्यात तशी सोय आहे. मी रुक्मिणला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"दादा म्हणतोय तसं," ती जमिनीकडं बघत म्हणाली.

अर्ज मंजूर झाला. साहेब खूश, कारण दत्ताला झापून झापून तेही कंटाळले होते. निकाल सांगताना त्याला म्हणाले, "घ्या, आता विसरायची भीतीच नाही. पैसे आपोआप जातील. तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही."

दत्ता म्हणाला, "कव्हाच न्हाई?"

साहेबांना वाटलं आनंदानं विचारतोय. "कधीच नाही! जा, सुटलात!"

बारमध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. अशी वसुली सहसा होत नाही म्हणे. कोणीतरी पेढा पुढं केला. मी तो तसाच फायलीवर ठेवून दिला.

खिडकीतून पार दिसत होता. दत्तानं चहा मागवला. तो संपत आला तर आणखी मागवला. मग आणखी. टपरीवाला कप नेऊन ठेवायचा आणि काही न बोलता परत यायचा. गेटवर रुक्मिणच्या भावानं मोटारसायकल सुरू करून ठेवली होती, हॉर्नवर हॉर्न देत होता. रुक्मिण पाठ करून बसली होती ती उठली नाही. तिनं एकदाही गेटकडं पाहिलं नाही.

शेवटचा कप आरतीनं दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसली. प्यायलीच नाही. चहा गारढोण झाला तरी ती घोट घेईना. शेवटी तिच्या मामानं येऊन तो तिच्या हातातून काढून घेतला.

*

आता शेवटचा किस्सा. हा ऐकून भिशीत कोणी हसलं नाही, चिठ्ठ्या टाकायचंही राहून गेलं.

त्या निकालानंतर काही महिन्यांनी, एक दिवस उन्हं कलायला आली होती. मी बाररूममधून घरी निघायच्या बेतात, तर दारात रुक्मिण. एकटीच, भाऊ बरोबर नाही.

"दादाला दवाखान्यात जाते म्हणून सांगून आलेय," ती म्हणाली आणि पुढ्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसली.

मी विचारलं, "काय झालं? पैसे जमा होत नाहीत का?"

"होतेत की. दर महिन्याला, येळेवर. एकदा बी चुकले न्हाईत."

"मग चांगलंच आहे."

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, एक अर्ज करायचाय."

"कशाचा?"

"पैसे आले न्हाईत म्हणून."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "अगं, आत्ताच तर म्हणालीस, आलेत."

"आलेत. पर आले न्हाईत म्हणून लिवा. मी सही करते. साहेबांना मला काय बोलायचं ते बोलू द्या. जेलात टाकायचं तर टाकू द्या. पर तारीख लावा."

"रुक्मिण, बँकेत सगळं दिसतं. खोटं एका मिनिटात उघडं पडेल."

"पडू द्या. तारखेच्या दिवशी पडंल ना? त्या दिवशी तर त्यांना यावं लागंल."

मी म्हटलं, "अगं, त्यापेक्षा एक फोन कर त्याला."

"मी सोताहून बोलावलं असं झालं तर दोन्ही घरं पेटतेल, मॅडम. दादा मला दारात उभी करणार न्हाई. कोर्टानं बोलावलं तर कोणाचं काय चालतंय?" आणि मग पहिल्यांदाच तिनं मान वर केली. "इतकी सालं ते इसरायचे आन् मी अर्ज द्यायची. तुमाला काय वाटलं, मला कळत नव्हतं?"

मी कोऱ्या कागदाकडं बघत राहिले. मग सहज विचारलं, "आरतीला कोणाजवळ ठेवून आलीस?"

"आणलंय की. कोर्टात जायचं म्हटल्यावर सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली होती. मी काय सांगू तिला?"

मी उठून खिडकीशी गेले. कोर्ट सुटलं होतं. आवार रिकामं झालं होतं, टपरीवाला भांडी विसळत होता. अख्खा पार मोकळा, बसायला माणूस नाही. तरी पोरीनं शेजारी रुमाल टाकला होता. एक म्हातारे वकील चपलेतला खडा काढायला तिथं टेकायला गेले, तशी ती रुमालावर हात ठेवून म्हणाली,

"आबा, तिकडं बसा. इथं पप्पा हायत!"